डीफ्रॅगने पीसीचा वेग दुप्पट होतो?

डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर तुकड्यांत विखुरलेल्या फाइल पुन्हा सलग मांडणं; एसएसडी म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला असा: ‘पीसी स्लो झालाय? दर आठवड्याला डीफ्रॅग करा. वेग दुप्पट होतो, जागा मोकळी होते, एसएसडीलाही चालतं.’

‘वेग दुप्पट होतो.’ फिरत्या हार्ड डिस्कवर फाइलच्या तुकड्यांचा त्रास खरा आहे, पण तो किती ते मोजता येतं. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी डिस्क ८.३३ मिलिसेकंदांत एक फेरी घेते. हवा तो सेक्टर (डेटाचा कप्पा) हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे ४.१७, हेड त्या ट्रॅकवर (चकतीवरच्या वर्तुळावर) सरकायला साधारण ९. एका तुकड्यामागे १३ मिलिसेकंद धरा. सेकंदाला १५० एमबी वाचणाऱ्या डिस्कवर १०० एमबीची सलग फाइल पाऊण सेकंदाच्या आत येते. तिचे विखुरलेले १००० तुकडे असतील तर त्यावर आणखी १३ सेकंद. दहाच असतील तर ०.१३ सेकंद, तो फरक कोणाला कळणार? ६४ एमबीहून मोठे तुकडे जोडायच्या फंदात विंडोजही पडत नाही.

‘दर आठवड्याला करा.’ विंडोज ते मुळातच वेळापत्रकाने करतं. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅग’ टाइप करून ते चालू आहे का, एवढंच बघा.

‘जागा मोकळी होते.’ एक बाइटही नाही. उलट डीफ्रॅगलाच नीट काम करायला सुमारे १५ टक्के जागा रिकामी लागते. गच्च भरलेल्या डिस्कवर नवी फाइल मिळेल त्या फटीत जाते आणि पुन्हा तुकडे पडतात. आधी साफसफाई, मग डीफ्रॅग.

‘एसएसडीलाही चालतं.’ सल्ल्यातला खरा घातक भाग हा. एसएसडीत हेडच नाही, मग वेळ वाचणार कुठून? शिवाय डेटा कोणत्या सेलमध्ये ठेवायचा ते एसएसडीतला कंट्रोलर ठरवतो; फाइल सिस्टिमला सलग दिसलं म्हणून आत सलग होत नाही. फुकटचं रायटिंग मात्र होतं आणि सेल झिजतात. विंडोजचं ‘ऑप्टिमाइझ’ बटण एसएसडीवर मुख्यतः ट्रिम (कोणती जागा आता वापरात नाही ते सांगणारी सूचना) पाठवतं, ते खुशाल दाबा. फक्त त्याच खिडकीत ‘मीडिया टाइप’मध्ये ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलंय ना ते पाहा. यूएसबी केसमधली एसएसडी कधीकधी हार्ड डिस्क म्हणून दिसते.

हार्ड डिस्क अचानक मंदावली असेल तर आधी तिचे स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तपासा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न आलेल्या सेक्टरांची संख्या) शून्य नसेल तर डीफ्रॅगला हात लावू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ते तासन्‌तास राबवतं. आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा.