जुलै-ऑगस्ट कुणी घुसवले नाहीत

सप्टेंबर उजाडला की तो फॉरवर्ड येतोच. सप्टेंबर म्हणजे सप्त, ऑक्टोबर अष्ट, नोव्हेंबर नव, डिसेंबर दश; मग सातवा महिना नववा कसा झाला? उत्तरही त्यातच दिलेलं असतं. रोमन वर्ष दहा महिन्यांचं होतं, इ.स.पू. 46 मध्ये ज्युलियस सीझरने आणि पाठोपाठ ऑगस्टसने आपापल्या नावाचा एकेक महिना मध्ये घुसवला, म्हणून पुढचे चार महिने दोन-दोन घरं सरकले. शिवाय ऑगस्टसने आपला महिना तोकडा पडू नये म्हणून फेब्रुवारीचा एक दिवस पळवला. आणि नावं मुळात संस्कृतच.

गंमत म्हणजे साल बरोबर आहे. त्या साली दोन महिने घुसवलेही होते. पण ते जुलै-ऑगस्ट नव्हेत.

आधी बोटं मोजू. मार्च एक, एप्रिल दोन, मे तीन, जून चार, पाचवा क्विंटिलिस, सहावा सेक्स्टिलिस, सातवा सप्टेंबर. क्विंटिलिस म्हणजे पाचवा, सेक्स्टिलिस म्हणजे सहावा. जुलै आणि ऑगस्ट ही याच दोघांची नवी नावं. महिने घुसवले असतील, तर हे जुने दोघे गेले कुठे? फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे दोघे माहीतच नसावेत.

दहा महिन्यांचं वर्ष रोमन परंपरा रोमचा पहिला राजा रोम्युलस याच्या काळात नेते: मार्च ते डिसेंबर, 304 दिवस. जानेवारी आणि फेब्रुवारीची भर ती त्याच्यानंतरच्या न्युमा राजाच्या नावावर घालते, म्हणजे सीझरच्या कित्येक शतकं आधी. घरं सरकली ती वर्षारंभ मार्चवरून जानेवारीवर आल्यामुळे. कॉन्सल, म्हणजे रोमचे दर वर्षी निवडले जाणारे सर्वोच्च अधिकारी, 1 जानेवारीला पदभार घेऊ लागले ते इ.स.पू. 153 पासून. सीझरचा जन्म इ.स.पू. 100 चा.

आणि पुरावा भिंतीवर आहे. रोमजवळच्या आंझिओत 1915 साली गिलाव्यावर रंगवलेल्या एका कॅलेंडरचे तुकडे सापडले. ते सीझरच्या सुधारणेआधीचं आहे. त्यात बारा महिन्यांचे बारा रकाने आहेत आणि तेरावा अधिक महिन्याचा.

हा तेरावा रकानाच इ.स.पू. 46 च्या गोंधळाचं मूळ. जुनं रोमन वर्ष 355 दिवसांचं. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून अधूनमधून फेब्रुवारीच्या शेवटी 22-23 दिवसांची भर घालायची. आपल्या धोंड्याच्या महिन्यासारखंच, पण एक मोठा फरक. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक, हा आपला नियम. 2023 चा अधिक श्रावण कुणाच्या मर्जीने आला नव्हता. रोममध्ये ते ठरवायचं पुरोहित मंडळ, आणि हे पुरोहित म्हणजे मुरलेले राजकारणी. आपला माणूस पदावर असेल तर वर्ष लांबवा, विरोधक असेल तर भर टाळा! सीझर स्वतः इ.स.पू. 63 पासून या मंडळाचा प्रमुख होता, पण आधी गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) मोहिमा, मग यादवी युद्ध. भर राहून गेली आणि पंचांग ऋतूंच्या दोन महिने पुढे पळालं. याच यादवीतली इ.स.पू. 46 ची थॅप्ससची लढाई कागदावर 6 एप्रिलची. ऋतूच्या हिशोबाने तेव्हा फेब्रुवारी नुकता लागला होता.

मग इ.स.पू. 46 मध्ये सीझरने थकबाकी एकदम चुकती केली. फेब्रुवारीनंतर नेहमीचे 23 दिवस, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्ये दोन जादा महिने, मिळून 67 दिवस. 355, 23 आणि 67: वर्ष भरलं 445 दिवसांचं. हेच ते घुसवलेले दोन महिने; त्या वर्षापुरते आले आणि गेले. पुढच्या 1 जानेवारीपासून अलेक्झांड्रियाचा खगोलज्ञ सोसिजेनीस याच्या सल्ल्याने आखलेलं 365 दिवसांचं वर्ष सुरू झालं. सीझरचा विरोधक, वक्ता सिसेरो याला कुणीतरी सांगितलं, उद्या वीणा (लायरा) तारकासमूह उगवणार. तो म्हणाला, हो, तसा हुकूमच आहे!

संस्कृतचं थोडक्यात: सप्त आणि लॅटिन सेप्टेम ही एकाच भाषाकुळातली भावंडं. भावंडांचे चेहरे जुळतात, म्हणून एक दुसऱ्याचा बाप होत नाही.

राहिली दिवसाची चोरी. ही कहाणी तेराव्या शतकातला विद्वान साक्रोबोस्को याने रूढ केली. फेब्रुवारी जुन्या वर्षातही 28 चाच होता. सेक्स्टिलिसचे 29 चे 31 सीझरने केले, तेही जानेवारी आणि डिसेंबरसोबत. क्विंटिलिसचा जुलै झाला इ.स.पू. 44 मध्ये, सेक्स्टिलिसचा ऑगस्ट इ.स.पू. 8 मध्ये. ऑगस्टसचा जन्म तर सप्टेंबरचा. सेक्स्टिलिस निवडला तो त्या महिन्यात इजिप्तची राजधानी अलेक्झांड्रिया त्याच्या हाती पडली म्हणून.

फेब्रुवारीचे दिवस त्याने कापले हे मात्र खरं, पण निराळ्या कारणाने. सीझरच्या ‘दर चौथ्या वर्षी लीप’ या नियमात पुरोहितांनी पहिलं वर्षही मोजणीत धरलं आणि दर तिसऱ्या वर्षी दिवस वाढवत राहिले. 36 वर्षांत 9 ऐवजी 12 दिवस वाढले. जादा तीन दिवस जिरवण्यासाठी ऑगस्टसने पुढचे तीन लीप दिवस गाळायला लावले.