चर्चचा इतिहास १७३९ला संपत नाही

आमच्या वसईतल्या कुठल्याही चर्चची स्मरणिका उघडा. आधी बिशपांचा संदेश, मग प्रमुख धर्मगुरूंची सनावळीसकट यादी, मग बिल्डरांच्या जाहिराती. इतिहास जेमतेम दीड पान. १५३४ला वसई पोर्तुगिजांकडे आली, मिशनरी आले, चर्च बांधली, १७३९ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. तिथून थेट उडी आजच्या नव्या इमारतीवर.

मला हे अजिबात पटत नाही. १७३९पर्यंतचा इतिहास बराचसा राज्यकर्त्यांचा. आमच्या वाडवडिलांचा म्हणावा असा इतिहास त्यानंतरचा. सत्ता गेली, तिच्याबरोबर युरोपियन पाद्रीही गेले. वाड्या शिंपणारे, मासे मारणारे ख्रिस्ती मात्र राहिले. पोर्तुगिजांचा धाक उरला नव्हता आणि त्यांच्याकडून मिळण्यासारखंही काही नव्हतं. ‘तुम्ही बाटलेले’ म्हणून कमेंट टाकणाऱ्यांना आणि अजूनही पोर्तुगिजांचे गोडवे गाणाऱ्या आपल्याच मंडळींना, दोघांनाही माझा एकच प्रश्न आहे: मग ही माणसं ख्रिस्ती का राहिली?

वसईतल्या निर्मळ गावाचंच घ्या. एका शंकराचार्यांच्या समाधीचं हे जुनं तीर्थ. इथलं देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं. हे आपल्या स्मरणिकांत येत नाही. यायला हवं, त्यात लपवायचं काय? पुढे मराठ्यांच्या अमलात सरसुभेदार शंकराजी केशवांनी तीर्थाचा जीर्णोद्धार केला. त्याच गावात १८५६ला होली क्रॉस चर्च उभं राहिलं. पोर्तुगीज जाऊन तेव्हा ११७ वर्षं झाली होती, राज्य कंपनी सरकारचं होतं. या चर्चचं श्रेय पोर्तुगीज तलवारीला कसं देणार?

कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा लागते. तिथली सुकेळी पाहिलीत ना? राजेळी केळी सोलून उन्हात मधासारखा रंग येईपर्यंत वाळवायची आणि केळीच्याच वाळक्या पानात घट्ट बांधायची. वसईच्या बागायतीत ख्रिस्ती घरंही पिढ्यान् पिढ्या आहेत. हा शेजारही धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, इतिहासातच धरायला हवा.

चर्चचा वरचा कारभार तर किती वेळा बदलला! आधी गोवा, १८८६ला दमण, १९२८नंतर मुंबई, १९९८ला वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे स्वतःचा बिशप. गावातल्या म्हातारीला त्यातलं किती कळलं असेल कोण जाणे. तिला रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठाऊक.

म्हणून ज्युबिली कमिट्यांना हात जोडून सांगणं आहे. पुढच्या स्मरणिकेत फोटो थोडे कमी करा. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या वह्यांना वाळवी लागायच्या आत त्या स्कॅन करून घ्या. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधीची (ही कॅथलिक चर्चची १९६२-६५ची परिषद, तिच्यानंतर मिस्सा लोकभाषेत आली) लॅटिन मिस्सा ज्यांना आठवते, ती माणसं आता सत्तरी ओलांडून गेलीत. त्यांच्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसा आणि त्यांना बोलू द्या. बिशपांचा संदेश काय, नंतरही मिळेल.