व्हॅनचं भाडं कोण देणार?

"व्हाउचर पालकाच्या हातात दिलं की जि.प.च्या शाळेला स्पर्धेपायी सुधारावंच लागेल", हे व्हाउचरची बाजू घेणाऱ्या तुमच्या लेखातलं वाक्य शहरात बसून लिहिलेलं वाटते. व्हाउचर म्हणजे सरकारनं फीचं कुपन पालकाला द्यायचं अन् त्यानं पाहिजे ती शाळा निवडायची. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात खेड्यात एकच शाळा असते, दुसरी म्हणजे तालुक्याची कॉन्व्हेंट, तिथं पोट्टे सकाळीच व्हॅनमधी दप्तर मांडीवर घेऊन कोंबून जातात. अन् पोरं गेल्यावर इथली शाळा सुधारते काहून म्हणता? पटसंख्या घटली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून मास्तरांची पदं ठरवतात त्यात, मास्तरचं पदच जाते. कायद्यानं ६० पर्यंत पोरांमागे दोन मास्तर, म्हणजे पाच वर्ग दोघात, त्यातला एक बहुतेक वेळ मोबाइलवर ऑनलाइन माहिती भरत बसलेला. मागं उरतात ती मजुरांची पोरं, कापूस वेचणीच्या दिवसात तीही अर्धी वावरातच. याला तुम्ही स्पर्धा म्हणता!

चिलीचं उदाहरण दिलं तेही अर्धंच. तिथं १९८१ पासून व्हाउचर आहे, पण पोरं निवडून घेणं, वरून फी लावणं, नफा काढणं हे सारं २०१५ च्या कायद्यानं टप्प्याटप्प्यानं बंद करावं लागलं, ते लिहिलंच नाही. आपल्याकडं आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळेत गरिबाच्या पोरांसाठी ठेवलेल्या, २५ टक्के जागाही एकप्रकारे व्हाउचरच, सरकार फीचे पैसे शाळेला देते, तेही थकतात म्हणून संस्थाचालक बोंबलतात. माझ्या भाच्याचा नंबर लागला होता, फी माफ, पण गाडीभाडं, ड्रेस, पुस्तकं भावजीच्या खिशातून. सोयाबीन पडल्या भावात विकून तेच भरत होते. तुमच्या व्हाउचरमधी व्हॅनचं भाडं धरलं आहे का, तेवढं सांगा.