अंगणातल्या सौनाविषयी खुलासा
नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे अंगणात पत्र्याची बंद खोली उभारली की हीटरविनाच सौना (घाम काढण्यासाठी बसायची गरम हवेची खोली) तयार होतो आणि हीटर लावलाच तर तो गिझरच्या सॉकेटवर चालतो, असा संदेश सध्या फिरत आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. सौनातील हवा साधारणपणे ७० ते १०० अंश सेल्सिअस आणि कोरडी असते, व तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकून तिचा दमटपणा हवा तेवढाच वाढवता येतो. तापलेल्या पत्र्याखाली साधेल तो फक्त उष्माघात.

विजेची बाब अधिक गंभीर आहे. दर घनमीटरला सुमारे १ किलोवॉट या ठोकताळ्याने ६ घनमीटरच्या खोलीला ६ किलोवॉटचा हीटर लागतो आणि तो २३० व्होल्टवर सुमारे २६ अँपिअर प्रवाह ओढतो. १६ अँपिअरच्या सॉकेटचे ते काम नव्हे. त्यासाठी स्वतंत्र वायर, एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीजगळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, आणि मंजूर भार अपुरा असल्यास महावितरणकडून तो आधी वाढवून घ्यावा.

पायाचा तर संदेशात उल्लेखच नाही. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरूम दाबून काँक्रीटचा चौथरा न घातल्यास चौकट तिरकी होऊन दार अडकू शकते. ते दार बाहेर उघडणारे आणि बिनकडीचेच असावे.