‘प्रबंधात १० टक्के एआय चालतं’? असा नियमच नाही

बडोद्यातल्या दांडिया बाजार-रावपुरा भागातल्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज आता माझ्या भाचीपर्यंत पोचला. पुढच्या महिन्यात तिला प्रबंध जमा करायचा आहे आणि या मेसेजवर विसंबून ती दुरुस्त्या करायला बसली होती. मेसेज म्हणतो: यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) १० टक्के एआय चालवून घेते, त्यावर गेलं की नोंदणी रद्द, म्हणून मजकूर ‘ह्युमनायझर’मधून (एआयचा मजकूर माणसाने लिहिल्यासारखा करून देणाऱ्या साधनातून) काढा, खात्रीसाठी चॅटजीपीटीलाच विचारा, मराठीत भाषांतर केलं तर काहीच सापडत नाही.

१० टक्के हा आकडा नियमांत आहे, एवढं कबूल. पण यूजीसीच्या २०१८च्या विनियमांत तो साम्याचा, म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराचा आहे. एआयचा त्यात उल्लेखही नाही. १० ते ४० टक्के साम्य निघालं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि नोंदणी रद्द होते ती ६०च्या वर. संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यात मोजायची नसतात.

साम्य-अहवालात रंगवलेल्या ओळीमागे मूळ स्रोत असतो, तो उघडून ताडता येतो. एआयचा टक्का म्हणजे निव्वळ अंदाज: पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितका संशय जास्त. त्यामुळे साधं, ठरीव इंग्रजी लिहिणाराच अडकतो. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध एआय ओळखणाऱ्या सात डिटेक्टरांना दिले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांवर सरासरी ६१ टक्के वेळा एआयचा शिक्का बसला!

सगळ्यांत घातक सल्ला ह्युमनायझरचा. ही साधनं पारिभाषिक संज्ञांनाही समानार्थी शब्द लावतात. ‘बिग डेटा’चं ‘कलॉसल इन्फर्मेशन’, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेलं छापील शोधनिबंधांत सापडलं आहे, आणि बनावट लेख हुडकणारे नेमके असेच शब्द शोधतात. म्हणजे स्वतः लिहिलेलं प्रकरण यातून काढलंत, तर तेच लबाडीचं दिसू लागणार.

चॅटजीपीटीकडे कुणाला काय लिहून दिलं याची ताडून बघायची वही नसते. ते ठोकून देतं. मराठीत सॉफ्टवेअर कमी पकडतं हे अर्धं खरं, पण भाषांतर करून उचललेलं उचललेलंच राहतं आणि एआयने रचलेले खोटे संदर्भही तसेच राहतात. संदर्भातला प्रत्येक डीओआय (शोधनिबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडा, शीर्षक आणि लेखक जुळवून बघा.

गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर ‘व्हर्जन हिस्टरी’ (आधीच्या बदलांची नोंद) शाबूत ठेवा: मजकूर नव्या फाइलमध्ये चिकटवला की ती तुटते. वर्ड असेल तर रोजची प्रत तारीख घालून वेगळी साठवा. कुणी डिटेक्टरचा टक्का पुढे केला, तर या प्रती दाखवा आणि रंगवलेल्या ओळीचा स्रोत मागा.