हरभरा आमचा, टाइमटेबल त्यांचं

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते बरोबर जानेवारीत. डॉक्टर म्हणाले महिनाभर धूळ नको, धूर नको, थंडीत फिरणं नको, म्हणजे थोडक्यात वावर, आमचं शेत, नको, आणि अशा रीतीने चार एकर हरभऱ्याची जागल, म्हणजे रात्रीची राखण, माझ्या बोडख्यावर आली. मी तालुक्याला ऑनलाईन सेंटर चालवतो. सातबारा, पीक विमा, आधार लिंक असल्या कामात आपला हात कोणी धरत नाही, पण रात्री अकरा वाजता मचानावर बसून डुकरं हाकलायची हा विषय आपल्या सिलॅबसमध्ये कधीच नव्हता.

आमचं गाव उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबाच्या मधल्या पट्ट्यात. नकाशावर या दोन जंगलांच्या मध्ये काहीच न लिहिलेली जी रिकामी जागा दिसते ना, तिथे आम्ही राहतो. जनावरांच्या हिशोबाने आमची वावरं म्हणजे या जंगलातून त्या जंगलात जाताना लागणारे धाबे. थांबायचं, खायचं, पुढे निघायचं. बिल मात्र आम्हीच भरायचं.

जोडीला शेजारच्या वावरातले काकाजी होते. सत्तरी पार केलेले, चाळीस वर्षं जागल करणारे, आणि झोपेतही हाऽऽड म्हणू शकणारे. पहिल्या रात्री मी टॉर्च, ब्लँकेट, मोबाईल, पॉवर बँक, मच्छर अगरबत्ती असं सगळं घेऊन मचानावर चढलो तर ते खाली शेकोटीजवळ बसून हुळा भाजत होते. हरभऱ्याची झाडं घाट्यांसकट तुऱ्हाट्यांच्या जाळावर टाकायची, पानं भुर्र जळून जातात, मग राखेतून काळे घाटे वेचायचे आणि हातावर चोळून फुंकर मारायची. हात काळे, तोंड काळं, पण आत तो गरम हिरवा दाणा निघतो ना, त्यासाठी माणूस जागल काय, लग्नसुद्धा करेल. खाता खाता काकाजी म्हणाले, "बाबू, एक ध्यानात ठेव. जनावर तुह्यापेक्षा रिकामं आहे. त्याले दुसरं कामच का आहे? ते दिवसभर तुह्याच विचार करते."

मी हसलो. तेव्हा हसलो.

आता आमच्या बंदोबस्ताबद्दल. विदर्भात थंडीच्या दिवसात एसटीतून जाताना वावरांभोवती रंगीबेरंगी साड्या बांधलेल्या दिसतात, बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं काहीतरी सण आहे. सण नाही बाप्पा, ते कुंपण आहे. कापड फडफडलं की जनावराला वाटतं माणूस उभा आहे, असा त्यामागचा विचार. आईने अकरा जुन्या साड्या दिल्या आणि बारावी, जांभळ्या रंगाची, द्यायला तयार नव्हती कारण ती आत्याच्या लग्नातली होती, पण नाल्याकडची बाजू उघडी राहत होती म्हणून मी तीसुद्धा न सांगता नेली. याचा हिशोब पुढे व्हायचा होता.

चार दिवस रोही, म्हणजे नीलगाई, धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, उभे राहून साड्या बघत होते, दुकानात आलेल्या बाया बघतात तसे, घ्यायचं काही नाही पण बघायचं सगळं. पाचव्या दिवशी सकाळी नाल्याकडची साडी गायब. नाव नीलगाय, पण ती गाय नाही न् काही नाही, अँटिलोप म्हणजे काळविटासारख्या कुरंगांच्या खानदानातलं जनावर आहे आणि आपल्या आशियातल्या त्या खानदानात सगळ्यात मोठं तेच, नर रंगाने निळसर करडा, डोक्यावर वीतभर शिंगं. तर असाच एक नर त्या दिवशी उजाडताना पांदणीवरून गेला आणि त्याच्या शिंगात आत्याच्या लग्नातली साडी, पदर मागे लोंबतोय. दूध घालायला निघालेल्या तीन माणसांनी पाहिला. दुपारपर्यंत अख्ख्या गावाला माहीत. आईला कोणीतरी पाणवठ्यावर सांगितलं. त्या संध्याकाळी मला भाकरीबरोबर फक्त ठेचा मिळाला.

रोह्यांची आणखी एक गंमत. एकदा पहाटे धुकं होतं, मी मचानावरून खाली पाहिलं तर दोन नर माझ्या हरभऱ्यात समोरासमोर पुढचे गुडघे टेकून बसलेले. मला वाटलं एकमेकांच्या पाया पडतायत, काय संस्कार आहेत म्हटलं. काकाजी म्हणाले भांडून रायले ते. खरंच, रोही भांडतात ते गुडघे टेकून, मानेला मान लावून रेटतात. वीस मिनिटं त्यांची ही सभ्य मारामारी चालली आणि तेवढ्यात जो हरभरा लोळवला तो वर्षभर माझ्या डोळ्यासमोर राहील. आणि यांचा संडास ठरलेला असतो. माझ्या वरच्या धुऱ्यावर एकच जागा, रोज तिथेच येणार, तिथेच लेंड्यांचा ढीग. आमचं गाव कागदावर हागणदारीमुक्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळी नाल्याकडे टमरेलं दिसतात. शिस्त कोणाला आहे ते तुम्हीच ठरवा.

बुजगावणंही केलं होतं. त्याला माझा कॉलेजच्या गॅदरिंगचा लाल चौकड्याचा शर्ट घातला. वांदरांचा हुप्प्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या खांद्यावर बसून माझ्याकडे बघत घाटे सोलून खात होता. वांदरांबद्दल जास्त लिहीत नाही. माझा गुल्लेरचा, म्हणजे गलोलीचा, नेम कसा आहे हे त्यांना दोन दिवसात समजलं, एवढंच सांगतो.

खरा त्रास डुकरांचा. सलूनवाल्याकडून पोतंभर केस आणून धुऱ्यावर पसरले, कारण डुक्कर नाक जमिनीला लावून चालतं, केस नाकात जातात न् ते मागे फिरतं असं म्हणतात. अर्ध्या गावाचे केस माझ्या वावरात होते, डुकरं वरच्या अंगाने आली. काही लोक तारेत डायरेक्ट लाईनचा करंट सोडतात, त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि कधी रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारचा माणूसही मरतो. काकाजी म्हणाले चार पोते हरभऱ्यासाठी जेलात कायले जातं. विषय संपला.

मग मी माझं डिजिटल डोकं चालवलं. सोलरवर चालणारा भोंगा ऑनलाईन मागवला, अठराशे रुपये, मेमरी कार्डात कुत्र्यांचं भुंकणं, बंदुकीचा बार, माणसांचा गलका आणि वाघाची डरकाळी. बुजगावण्याच्या शेजारी बांबू रोवून त्यावर बांधला. पहिली रात्र एक जनावर नाही. दुसरी रात्र एक नाही. मी तिसऱ्या दिवशी सेंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला लेक्चर दिलं की टेक्नॉलॉजीशिवाय आता शेती नाही. चौथ्या रात्री कचरकचर आवाज आला म्हणून टॉर्च मारला तर भोंग्याच्या बरोबर खाली सतरा डुकरं. वरून वाघ डरकाळी फोडतोय आणि खाली ही मंडळी जेवतायत, जशी लग्नात डीजे चालू असताना पंगत बसते. काकाजींनी समजावून सांगितलं. डुकराची नजर अधू पण नाक फार तेज. तुझा वाघ ओरडतो, पण त्याचा वास कुठे आहे?

आता ती रात्र.

अमावास्या जवळ आलेली, थंडी अशी की दात एकमेकांशी बोलत होते. त्यात संध्याकाळी हरभऱ्यातून चाललो होतो, पायाच्या भेगांमध्ये हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब गेलेली, ती चुरचुरतेय. भोंग्याने अडीच वाजता डरकाळी फोडली आणि नाल्याकडून उत्तर आलं. आऽऽऊं. मला आधी वाटलं भोंगा खराब झाला, एको येतोय. मी म्हटलं, "काकाजी, वॉरंटी आहे अजून." काकाजींनी माझा हात असा दाबला की बोटांचे वळ दोन दिवस होते. "हालू नको. वाघ होय तो. तुह्या भोंग्यानं बलावलं त्याले."

मग नाल्याकाठच्या झाडावर झोपलेली वांदरं खॅक खॅक करून उठली. एक चितळ ओरडलं. मग सगळं बंद. रातकिडेसुद्धा बंद झाले असं मी सगळ्यांना सांगतो, खरं म्हणजे माझे कान बंद झाले होते. शेरू, आमचा कुत्रा, जो दिवसा पोस्टमनला गावात येऊ देत नाही, तो मचानाच्या शिडीवरून चढून वर आला. कुत्र्याला शिडी चढता येते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, त्यालाही नसावं.

आणि तो आला. घाई नाही, लपणं नाही, सरळ पांदणीच्या मधोमध, माणसांनी केलेल्या रस्त्यावरून. वाघाला मोकळ्या वाटेने चालायला आवडतं, काट्याकुट्यात कोण शिरेल. टॉर्च लावायची हिंमत नव्हती पण भोंग्याला छोटा हिरवा लाईट होता, त्या उजेडात तो बुजगावण्यासमोर येऊन बसला. बसला म्हणजे कुत्रं बसतं तसा, पुढचे पाय उभे, मान वर करून भोंग्याकडे बघत. भोंगा भुंकला. वाघाने कान हलवला. भोंग्याने बंदुकीचा बार काढला. वाघाने जांभई दिली. मग भोंग्याने माणसांचा गलका लावला, त्यात एक माणूस मोठ्याने 'पकडा पकडा' ओरडतो, आणि मी मनातल्या मनात त्या माणसाच्या पाया पडलो की बाबा आज गप्प बस.

वाघ उठला. बुजगावण्याला वास घेऊन एक चक्कर मारली. मग पाठ फिरवली, शेपटी सरळ वर केली आणि माझ्या गॅदरिंगच्या शर्टावर मागच्या बाजूने अशी पिचकारी मारली की आवाज मचानापर्यंत आला. त्यानंतर भोंग्याच्या बांबूवर एक. आणि आल्या वाटेने निघून गेला.

सकाळी सहापर्यंत आम्ही तिघेही वरच होतो. काकाजींनी बिडी पेटवायला सात काड्या घालवल्या. मी म्हटलं वाघ इथे कसा काय आला, तर म्हणाले कसा म्हणजे, पायी. बरोबरच आहे. २०१९ साली यवतमाळकडच्या टिपेश्वर जंगलातला, गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेला एक वाघ, ज्याचं नाव पुढे वॉकर पडलं, तो तेलंगणातून आणि मराठवाड्यातून फिरत पाच महिन्यांत १३०० किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा जंगलात पोहोचला होता. त्यापुढे आमचं वावर म्हणजे वॉकरच्या बिरादरीसाठी शतपावली.

उजाडल्यावर शर्टाजवळ गेलो. मला वाटलं घाण वास असेल. तर काय, चक्क नवीन चिन्नोरचा भात उतरवल्यासारखा वास! मी दोनदा घेतला, मग लाज वाटली. नंतर कळलं की वाघाच्या या पिचकारीत तेच द्रव्य असतं ज्यामुळे बासमतीला वास येतो. आईला सांगितलं तर म्हणाली, आता भात खायची नाही मी आठ दिवस.

पण खरी गंमत पुढे. त्या दिवसापासून डुक्कर बंद. एकही नाही. अठराशेच्या भोंग्याने जे झालं नाही ते वाघाने फुकटात एका पायाखाली, म्हणजे शेपटीखाली, करून दाखवलं. चार रात्री मी मचानावर घोरत झोपलो. गावात बातमी पसरली आणि सेंटरवर लोक यायला लागले, सातबाऱ्यासाठी नाही, शर्टासाठी. एक रात्र दे ना गा, उद्या आणून देतो. एकाने तर नुसती बाही मागितली, त्याचं दीड एकरच होतं. मी शर्ट दिला नाही. तो पिकाला लागलेला पहिला नि शेवटचा अस्सल औषधी फवारा होता. सातव्या दिवसापर्यंत वास विरला आणि आठव्या रात्री सतराच्या सतरा मंडळी हजर.

दरम्यान जंगलवाल्या गार्ड साहेबांनी पंजाचे ठसे पाहून धुऱ्यावर झाडाला कॅमेरा बांधला होता, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा. पंधरा दिवसांनी ते लॅपटॉप घेऊन आमच्या घरी चहाला आले आणि ओट्यावर अख्खी आळी जमली. वाघ परत आलाच नव्हता. डुकरं होती. आणि मी होतो. दोन वाजून चाळीस मिनिटं, मी ब्लँकेट डोक्यावरून घेऊन लघवीला चाललोय. दोन बेचाळीस, मी परत चाललोय. दोन पंचावन्न, डुकरं. दुसरी रात्र, दोन अडतीस मी, दोन पंचावन्न डुकरं. तिसरी रात्र तेच. म्हणजे मी उतरतो, चढतो, ब्लँकेटमध्ये शिरतो, दहा मिनिटात घोरायला लागतो, हे सगळं त्यांनी कुठेतरी बसून लिहून घेतलं होतं. काकाजी काहीच बोलले नाहीत, नुसते चहाच्या बशीत बघून हसत राहिले. गार्ड साहेब म्हणाले तुमचा फोटो डिलीट करू का, तर आळी म्हणाली नाही नाही, राहू द्या.

मग सकाळी सव्वासहाचा एक रंगीत फोटो आला. रोही. धुऱ्यावरच्या त्या ठरलेल्या जागेवर उभा, बाजूने फोटो, आणि शिंगात अजून जांभळं काहीतरी लोंबतंय.

"थांबा जी थांबा, मांगं घ्या," आई पुढे सरकली. चष्मा पुसून लॅपटॉपला नाक लावलं. आता माझं काही खरं नाही म्हणून मी चप्पल शोधायला लागलो.

"पाय बरं," आई बाबांना म्हणाली, "जंगलात राहून अजून रंग नाई गेला. मी म्हणतच होती का कापड चांगलं आहे, तुमालेच ते साठ रुपये जास्त वाटून रायले होते."