फोन घेऊन धुऱ्याने फिरलं म्हणजे मोजणी झाली?

उन्हाळवाही सुरू झाली की आमच्याकडे धुऱ्याची, म्हणजे बांधाची, भांडणं उगवतात. यंदा त्यात ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजने भर घातली. म्हणे, मोजणीचे पैसे कशाला भरता? मोबाइलमध्ये मोजणीचं अ‍ॅप उघडून वावराभोवती फिरा, हद्द निघते. नाहीतर टेपने चारी बाजू मोजा, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणा. सातबाऱ्यापेक्षा कमी भरलं तर शेजाऱ्याने दाबलं समजा. आणि लोखंडी साखळीने केलेल्या जुन्या सरकारी मोजण्या तशाही चुकीच्याच.

पहिला मुद्दा सगळ्यात महाग पडणारा. साध्या फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही साधारण ५ मीटर इकडेतिकडे होतं, झाडाखाली जास्तच. हिंगणघाटकडच्या आमच्या वावरात एकाच धुऱ्याने मी सकाळी फिरलो, मग दुपारी. पायवाट तीच, पण स्क्रीनवर दोन रेघा उमटल्या आणि कोपऱ्यातल्या बाभळीपाशी त्यांच्यात चांगली चार पावलं. धुरा २०० मीटर धरा. रेघ ३ मीटरच सरकली तरी ६०० चौरस मीटर गेले, म्हणजे जवळजवळ ६ गुंठे. एवढ्यासाठी लोकांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात.

त्यात मजा अशी की एकूण आराजी तरीही बरोबर येऊ शकते. अख्खं वावर ३ मीटर पूर्वेला सरकलं तर क्षेत्र तेवढंच राहतं, हद्द मात्र शेजाऱ्याच्या तुरीत जाते. क्षेत्र काढणं वेगळं, हद्द कायम करणं वेगळं. शिवाय फोन दाखवतो ती तुमची चाल. शेजाऱ्याने दरसाल नांगराचं एकेक तास घेत धुरा कोरला असेल, तर फोन तो कोरलेला धुराच इमानदारीने दाखवणार.

सरकारी मोजणीवाल्यांचं यंत्र, म्हणजे रोव्हरही उपग्रहाकडूनच ऐकतो, मग फरक काय? त्याला कायम एका जागी असलेल्या कॉर्स केंद्राकडून दुरुस्ती मिळते, म्हणून त्याची चूक सेंटिमीटरात असते. तरी नुसत्या रोव्हरने हद्द निघत नाही. भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, जुन्या मोजणीची नोंद असलेलं टिपण, गटबुक, गाव नकाशा काढतो, शिवारातल्या जुन्या खुणा धरतो आणि मग नकाशातली रेघ जमिनीवर उतरवतो.

आता टेप. विणकाम काढलेल्या खाटेची चौकट डोळ्यापुढे आणा. एका कोपऱ्यावर रेटा दिला की ती तिरपी होते; चारी दांडे तेवढेच, आतली जागा मात्र आक्रसते. वावराचंही तसंच. चारी बाजू १०० मीटर असल्या की मेसेजच्या हिशोबाने १ हेक्टर, म्हणजे १०० आर. पण त्याचा एक कोपरा ६० अंशांचा असेल तर खरं क्षेत्र ८६.६ आर! १३.४ आर कुणी दाबले नाहीत, ते गुणाकारात जन्मले. एक कर्ण मोजा, दोन त्रिकोण करा, भानगड मिटते. त्रिकोण चौकटीसारखा हलत नाही. उतारावर टेप जमिनीला चिकटवून ओढला तर आणखी घोळ. नकाशात आडवं अंतर धरतात, म्हणून १० अंशांच्या उतारावरचे १०० मीटर तिथे ९८.५ होतात.

साखळीला नावं ठेवणाऱ्यांनी हे त्रिकोण आठवावेत, कारण साखळी मोजणीचा पायाच तो. ३३ फुटी साखळीचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, बरोबर १ गुंठा. साखळी ताणली-सैलावली की फुटाफुटाची चूक व्हायची, हे खरं. पण यंत्र बदललं म्हणून त्या मोजणीचं टिपण रद्द होत नाही; आजचं यंत्र त्याचीच हद्द शोधतं. आधी मोठी चौकट पक्की करायची, मग आतले तुकडे, हा मोजणीचा मूळ नियम. १८०२ साली मद्रासहून त्याच नियमाने भारताची त्रिकोणी मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ साली आमच्या हिंगणघाटलाच वारले. त्यांची कबर इथे आहे, हे गावातल्या किती जणांना माहीत असेल देव जाणे.

राहिला शेजारी. क्षेत्र कमी भरतं त्याचं कारण पुष्कळदा घरातच असतं. वाटणी कागदावर निम्मी-निम्मी, वावरात नजरेने. हरवलेले गुंठे सख्ख्या भावाकडे निघालेले मी पाहिलेत. सरकारी मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. मेसेजमध्ये तिचं नावही नाही.

अ‍ॅप मी फोनमधून काढलेलं नाही. ट्रॅक्टरवाला चार एकरांच्या नांगरटीचे साडेचार एकरांचे पैसे लावतो, तेव्हा मी तेच त्याच्यासमोर धरतो.